सहा हजार नऊशे बारा बाइट

(वसंत व्याख्यानमाला, नंदगड)



जुन्या धाटणीचे खेळ खेळता येतील असा एक काल्पनिक संगणक आज आपल्याला रचायचा आहे. पण त्याआधी एक खरं यंत्र उघडून पाहू. त्याचं नाव झेडएक्स स्पेक्ट्रम. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं ते २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडात जाहीर केलं. आतली रचना होती रिचर्ड आल्टवासर या तरुण इंजिनिअरची. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आलं. पुढे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन हेच यंत्र 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावानं भारतात विकलं. पडदा म्हणून घरातला टीव्ही, आणि प्रोग्रॅम साठवायला घरातलाच टेपरेकॉर्डर. बाकी सगळं कीबोर्डच्या पोटात.

मला हे यंत्र फार मोलाचं वाटतं. ते वेगवान होतं असं मुळीच नाही. पण त्यात प्रत्येक गोष्ट जशी आहे तशी का आहे, हे कागद-पेन्सिल घेऊन बसलं की कळतं. चित्राचंच बघा. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके, म्हणजे एकूण ४९,१५२. प्रत्येक ठिपक्याला सोळापैकी हवा तो रंग द्यायचा तर २४,५७६ बाइट लागतात. स्वस्तातल्या मॉडेलची सगळी मेमरी होती १६ किलोबाइट, म्हणजे १६,३८४ बाइट. चित्रच मावत नाही, मग खेळ कुठे ठेवणार?

यावर तोड अशी काढली. ठिपका फक्त पेटलेला की विझलेला एवढंच लक्षात ठेवायचं. त्याला ६,१४४ बाइट पुरतात. मग पडद्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, ३२ आडवे, २४ उभे, आणि प्रत्येक चौकोनाला रंगासाठी एकच बाइट द्यायचा: तीन बिट शाईचे, तीन बिट कागदाचे, एक तेजाचा, एक लुकलुकण्याचा. हे झाले ७६८. एकूण ६,९१२ बाइट, आणि त्यात अख्खं रंगीत चित्र.

त्याची किंमतही मोजावी लागली. एका चौकोनात दोनच रंग राहू शकतात. पांढरा माणूस पिवळ्या शिडीजवळून गेला की शिडीचा तेवढा तुकडा पांढरा होतो, किंवा माणूस पिवळा. या यंत्राचे खेळ दुरूनसुद्धा ओळखू येतात ते यामुळेच. काही खेळ लिहिणाऱ्यांनी पार्श्वभूमी काळी ठेवून मार्ग काढला. १९८४च्या 'नाइट लोअर'मध्ये तर खोलीगणिक एकच रंग घेतला आणि सगळं लक्ष खोलीची लांबी-रुंदी-उंची दाखवण्यावर दिलं. तो खेळ आजही पाहावा असा आहे.

आता मेमरीकडे या. ४८ किलोबाइटच्या मॉडेलमध्ये वरच्या ३२ किलोबाइटसाठी ज्या चिप बसवल्या, त्या मुळात ६४ किलोबिटच्या होत्या, पण निम्मा भाग सदोष निघालेल्या. चांगला अर्धा भाग कोणता हे पाहून बोर्डवर एक जोडणी इकडे किंवा तिकडे करायची, की काम झालं. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, निघालं की ते परत भट्टीत जातं. इथे सदोष मालाचा चांगला अर्धा भाग हुडकून तो स्वस्तात घेतला.

झेड८० हा प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर चालायचा. त्याच्या जोडीला फेरांटी कंपनीची यूएलए नावाची चिप. यूएलएमध्ये शेकडो गेट आधीच तयार असतात. गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे फक्त वरची धातूची जोडणी बदलायची. सिंक्लेअरच्या आधीच्या झेडएक्स८० या संगणकात २१ चिप होत्या, तर या युक्तीनं त्यानंतरचा झेडएक्स८१ चारांवर आला. स्पेक्ट्रममध्ये यूएलए टीव्हीचं चित्र काढते, कीबोर्डच्या तारा वाचते, टेपशी बोलते आणि स्पीकरही वाजवते. मात्र चित्र खालच्या १६ किलोबाइटमध्ये असल्यामुळे तिथे यूएलए आणि प्रोसेसर दोघंही एकाच वेळी हात घालू बघतात. चित्र अडून चालत नाही, म्हणून यूएलए प्रोसेसरचं घड्याळच क्षणभर रोखून धरते. हे माहीत असणारे प्रोग्रॅमर घाईचं काम पत्ता ३२,७६८च्या वर ठेवत.

टेपवरून खेळ चढताना पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे धावत. ती शोभा नव्हे. टेपवरच्या '१'चा स्पंद '०'च्या दुप्पट लांब. प्रोसेसर तो मोजतो आणि प्रत्येक स्पंदाला कडेचा रंग बदलतो. टेपरेकॉर्डरचं हेड जरा तिरकं असलं की पट्टे विस्कटायचे. मग बारीक स्क्रूड्रायव्हरनं हेडचा स्क्रू किंचित फिरवायचा, कर्कश सूर नितळ होईपर्यंत. यंत्राच्या आत काय चाललंय ते मुलाला डोळ्यांनी दिसत होतं, कानांनी ऐकू येत होतं. आजच्या मोबाइलमध्ये मला हे कुठेच सापडत नाही, आणि त्याची हळहळ वाटते.

म्हणून आपलं काल्पनिक यंत्र. ते इथल्या मराठी आणि कन्नड शाळांतल्या मुलांसाठी आहे असं धरू. सुट्या झेड८० चिपच्या शेवटच्या ऑर्डर झायलॉगनं २०२४ साली घेतल्या, तेव्हा प्रोसेसर आणि यूएलए दोन्ही एका एफपीजीएमध्ये उतरवू. जोडणी हवी तशी पुन्हा लिहिता येते अशी ती चिप. पडदा मी मुद्दाम ६,९१२ बाइटचाच ठेवीन. आज मेमरीला तोटा नाही, पण एवढा पडदा सातवीतली मुलगी चौकटीच्या वहीत पूर्ण मांडू शकते. वीज जाणारच, म्हणून मेमरी स्टॅटिक घ्यायची आणि तिला बटणाएवढा सेल जोडायचा. टंकलेला अर्धा प्रोग्रॅम वाया जाता कामा नये.

आणि अक्षरं. स्पेक्ट्रमची ९६ अक्षरं आठ बाय आठच्या चौकोनात बसतात, एकूण ७६८ बाइट. देवनागरी त्यात बसत नाही. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. कन्नडची जोडाक्षरं तर आणखी खाली उतरतात. म्हणून सोळा बाय सोळा, एका आकाराला ३२ बाइट. अर्धी अक्षरं धरून २५६ आकार घेतले तर एका लिपीला ८ किलोबाइट लागतात. मराठी आणि कन्नड मिळून १६, नेमके स्पेक्ट्रमच्या अख्ख्या रॉमएवढे, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीएवढे.

इथे आपल्याच देशातलं एक काम उपयोगी पडतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलेलं, संगणकावर भारतीय लिपी आणणारं जिस्ट तंत्रज्ञान, आणि या लिपींच्या संकेतांकांचं १९९१चं इस्की मानक. इस्कीत मराठीच्या 'क'ला आणि कन्नडच्या 'क'ला संकेतांक एकच. बदलतो तो फक्त आकार. म्हणजे मुलानं टंकलेला मजकूर मेमरीत एकदाच राहील. आकारांच्या दोन तक्त्यांपैकी कुठला वाचायचा, ते रॉमची सर्वांत वरची पत्त्याची तार ठरवेल. ती तार मी यंत्राच्या उजव्या बाजूला, बोटाला सहज लागेल अशा एका साध्या खटक्याला जोडणार आहे.