येरळेची वाळू

येरळा नदी सातारा जिल्ह्यांत खटाव तालुक्यांत उगम पावते आणि सांगली जिल्ह्यांत ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते. वर्षाचे बरेच महिने तिचें पात्र कोरडें दिसतें. परंतु पाणी वाळूच्या पोटांत मुरलेलें असतें, व त्याच्याच जोरावर कांठच्या विहिरी तग धरतात. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, हें गणित आम्ही मास्तर मंडळी शाळेंत शिकवीत असूं. त्यांत विहीर कधीं येत नसे. लिलावाच्या कागदांतही ब्रासच मोजले जातात.

चंद्रपुराकडील उघड्या कोळसाखाणींस २००९ पासून असा दंडक आहे कीं, पुढें जमीन नीट करण्याचा खर्च खाण चालूं असतांनाच निराळ्या खात्यांत भरीत जावा. नदीची वाळू अशी पैशानें परत येत नाहीं. म्हणूनच २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच हेक्टरांखालील उपशासही पर्यावरणाची मंजुरी आवश्यक ठरविली, तें मला योग्य वाटतें.

खानापूर तालुक्यांतील बलवडी व तांदुळवाडी येथील शेतकऱ्यांनीं त्यापूर्वींच, १९८० नंतरच्या दशकांत, ठेकेदारांच्या उपशाविरुद्ध लढा दिला होता. थोडी वाळू त्यांनीं स्वतः विकली आणि त्या पैशाच्या आधारानें येरळेवर बळिराजा स्मृति धरण उभें केलें. पाण्याचा वांटा भूमिहीन कुटुंबांसही ठेवला.