१-०-१ म्हणजे काय, हे विचारायला लाजू नका

(चिंचोटी परिसरातल्या गटांच्या बैठकीत केलेलं बोलणं. ज्यांना त्या दिवशी कामावरून सुट्टी मिळाली नाही, त्यांच्यासाठी लिहून दिलं आहे.)

ताई, काकी, मावशी, आणि मागे बसून कुजबुजणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो,

हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या. आता थोडा वेळ मला द्या.

आपण दशसूत्री म्हणतो. बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशेब ही पहिली पाच सूत्रं आपल्याला तोंडपाठ आहेत. त्यांच्यापुढे आरोग्य आणि शिक्षण ही दोन सूत्रं लागोपाठ येतात. आरोग्य म्हटलं की आपल्याला आशाताई आठवते आणि शिक्षण म्हटलं की मुलांची शाळा. आपलं स्वतःचं वाचणं, मोजणं आणि आपली तब्येत यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं कोणाच्या मनात येत नाही. मला आज त्यावरच बोलायचं आहे.

डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. तिच्यावर गोळीच्या नावापुढे १-०-१ असं लिहिलेलं असतं. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ज्याला माहीत आहे त्याला ही सोपी खूण आहे. ज्याला माहीत नाही त्याला तो एकशे एक वाटतो, नाहीतर काहीच वाटत नाही. मेडिकलवाला घाईत सांगतो, 'दोन टाइम.' मग घरी येऊन कोणी दोन्ही गोळ्या एकदमच घेतं, 'दोनच घ्यायच्या होत्या ना' म्हणून. ही चूक बाईची नाही. तिला नीट सांगणारं कोणी नव्हतं. आणि खरं सांगू, मी एमएसडब्ल्यू झालेय, तरी डॉक्टरांचं अक्षर मलाही लागत नाही. मी विचारते. फरक एवढाच की मला विचारायची लाज वाटत नाही, कारण मला कोणी 'अडाणी' म्हणणार नाही, हे मला माहीत आहे. ही लाज फार महाग पडते. कितीतरी बायका कागद पुढे आला की म्हणतात, 'चष्मा घरी राहिला.' समोरच्याला वाटतं, खरंच राहिला असेल.

चष्म्यावरून आठवलं. तुमच्यातल्या काहींना वाचता येतं, पण हल्ली सुईत दोरा जात नाही. पाकिटावरची तारीख दिसत नाही. त्याला आपण चाळिशी म्हणतो आणि वय झालं म्हणून सोडून देतो. डोळे तपासून चाळिशी लावली तर शिकलेलं परत हाताशी येतं. मुलाच्या मोबाइलला कव्हर घेतो, तसा आपल्यालाही चष्मा घ्यावा.

आता हिशेबाचं बघू. शेकडा दोनने पाच हजारांचं महिन्याचं व्याज किती, असं मी विचारलं तर माझं बोलून व्हायच्या आधी तुम्ही 'शंभर' म्हणता. सही करता येत नाही त्या मावशीही सांगतात. मग हेही करा. गोळी दिवसाला तीन वेळा, पाच दिवस. किती झाल्या? पंधरा. पाकिटात किती आल्या? दहा. म्हणजे पाच कमी आहेत, आणि औषध चौथ्या दिवशीच संपणार. तिथेच दुकानात उभं राहून मोजायचं. हे डोकं तुमच्याकडे आहेच. व्याजाला वापरता, ते औषधालाही वापरा.

काही ठिकाणी आकडा चुकला तर जीवावर बेततं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं असतं. अर्धं पाकीट एका ग्लासात ढवळून बाळाला पाजू नका, मीठ जास्त होतं. लिटरची पाण्याची बाटली मापाला चांगली. कालवलेलं पाणी एका दिवसाच्या वर ठेवायचं नाही. जुलाबात झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या चौदा दिवसांच्या असतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा पूर्ण करायच्या. बाळाचं पातळ औषध बाटलीबरोबर आलेल्या झाकणानेच मोजा. आपले चहाचे चमचे घरोघरी वेगळे असतात. आणि घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर बाटलीवरचा आकडा आणि सुईच्या नळीवरचा आकडा एकच हवा. बाटलीवर ४० असेल तर नळीही ४० चीच.

आता तुम्ही म्हणाल, वाचायला शिकलो की झालं का? नाही. आणि जे लोक नुसतं 'बायकांनी जागरूक व्हायला हवं' म्हणून भाषण करून जातात, त्यांचा मला राग येतो. बीपीची गोळी रोज घ्यायची, हे गाळ्यात काम करणाऱ्या बाईला पक्कं माहीत असतं. पण दवाखान्याची वेळ आणि तिच्या पाळीची वेळ एकच. गोळ्या आणायला गेली तर खाडा पडतो, रोज जातो. मग 'आता बरं वाटतंय' म्हणून ती गोळी सोडते. बीपी काही दुखून सांगत नाही. आपल्याकडे वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं आहेत, त्यांचा पत्ताच सहा महिने बदलतो. काहींच्या घरी वारली बोलतात, काहींच्या हिंदी, आणि चिठ्ठी इंग्रजीत. मोबाइल नवऱ्याच्या खिशात, मग १०८ ला फोन लावायचा कोणी? घरात सगळ्यांचं जेवून झालं की उरलेलं आपलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या, म्हणजे ५४ टक्क्यांच्या, अंगात रक्त कमी निघालं. एवढ्या सगळ्या बायका काही अडाणी नाहीत. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये हे मी सांगेन, तुम्ही ऐकाल. पण ताटात काय पडतं आणि कधी पडतं, ते एका गोळीने बदलत नाही.

या दोन्ही गोष्टी एकत्र हातात घेतलेलं एक काम आपल्याच राज्यात झालंय. नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणतात, जामखेडला १९७० मध्ये डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे हे जोडपं गेलं. दुष्काळाचा काळ होता. लोकांनी आधी औषध नाही मागितलं, पाणी आणि खाणं मागितलं. तेव्हा बोअर खोदण्यापासून काम सुरू झालं, आणि दलित वस्तीत पाणी पोहोचेल असं बघितलं. मग गावोगावच्या बायका निवडल्या. त्यातल्या बऱ्याच जणींना अक्षर येत नव्हतं, काही जणींना गावात सावलीलाही उभं करत नव्हते. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन बाळंतपणं करायच्या, जुलाबाचं, खाण्यापिण्याचं सांगायच्या. १९७१ च्या सुमाराला त्या भागात हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. वीस-पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्या पुरस्कारापेक्षा एक वेगळी गोष्ट मोठी वाटते. त्या बायका अक्षर येण्याची वाट बघत थांबल्या नाहीत. एकमेकींना सांगत, विचारत त्या शिकल्या.

पण म्हणून अक्षर नको असं नाही हं. ते हवंच. 'उल्लास' नावाचा नवसाक्षरतेचा कार्यक्रम आहे, १५ वर्षांच्या पुढच्या कोणालाही, वरची वयाची अट नाही. जवळच्या शाळेत नाव द्यायचं. शिकवणारे स्वयंसेवक असतात, तुमची सूनही शिकवू शकते. शेवटी १५० गुणांची परीक्षा, वाचन, लेखन आणि आकडे प्रत्येकी ५०. आपल्या राज्यात पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली आणि त्यात नातवाला घेऊन बसलेल्या आज्या होत्या. पैसे लागत नाहीत.

तोवर गटाने काय करायचं? प्रत्येक गटात एक वाचणारी ठरवू. जिला चिठ्ठी कळली नाही, तिने त्याच दिवशी तिच्याकडे जायचं. कोणाला काय आजार आहे ते वाचणारीच्या पोटात राहील, ही अट. पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढा, सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली ते पोरांनाही कळेल. डॉक्टरांसमोरून उठण्याआधी म्हणा, 'मी सांगते, बरोबर आहे का बघा,' आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते त्यांना सांगून दाखवा. ते चिडले तर चिडू दे. एकटीला जमत नसेल तर दोघी जा. कोणाचा खाडा पडणार असेल तर तेही बैठकीत बोला, कारण त्या दिवसाच्या रोजासाठी गटातून हातउसने देता येतील का, याचा ठराव आपण करू शकतो. अध्यक्षताईंनी यावर पुढच्या वेळी चर्चा ठेवायचं कबूल केलंय.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा. जुन्या, उरलेल्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या. आपण एकेक पाकीट बघू, तारीख उलटलेल्या बाजूला काढू. चालू असलेली गोळी मात्र माझं ऐकून कोणी बंद करायची नाही, ती डॉक्टरांना विचारूनच. आणि ज्यांच्याकडे चाळिशी आहे त्यांनी ती 'घरी राहिली' असं या वेळी म्हणायचं नाही.