बाटलीचे बूच

‘बूच’ हा मराठी शब्द पोर्तुगिजांच्या ‘बुशा’वरून आला, आणि ही वस्तूही मुख्यत्वे त्यांच्याच देशात होते. प्राचीन रोमन लोक द्राक्षासवाच्या कुंभांच्या तोंडी बूच बसवून वर राळ किंवा चुना लिंपीत. पुढे युरोपात कित्येक शतके लाकडी खुंटी अथवा तेलात भिजविलेली चिंधी यांवरच भागविले जाई. सतराव्या शतकात इंग्लंडात मजबूत काचेच्या बाटल्या होऊ लागल्या, तेव्हा बुचाला पुन्हा मान मिळाला.

हा बुचाचा ओक वृक्ष मोठ्या सबुरीचा! (आपल्याकडचे पांढऱ्या सुगंधी फुलांचे बुचाचे झाड ते निराळे.) पहिली साल सुमारे २५ वर्षांनी सोलतात, मग दर ९ वर्षांनी; बाटलीजोगी साल मिळते ती तिसऱ्या खेपेस. लावणाऱ्याचे फळ बहुधा मुलाच्याच पदरी पडते.

परंतु हेच बूच कधी कधी मद्यास कुबट वास आणते. त्यामागील रसायन १९८१ साली स्वित्झर्लंडमध्ये हान्स टॅनर यांनी ओळखले. २००० साली ऑस्ट्रेलियातील क्लेअर खोऱ्याच्या अनेक उत्पादकांनी बूच सोडून आट्यांची धातूची टोपणे स्वीकारली. न्यूझीलंडनेही तीच वाट धरली. यंत्रातून टोपणे भराभर निघतात. अलेंतेजूच्या रानात मात्र आजही कुशल मजूर खोडाला इजा न होऊ देता कुऱ्हाडीने साल उतरवितो, आणि त्या वर्षाचा शेवटचा अंक उघड्या बुंध्यावर रंगाने लिहून पुढच्या झाडाकडे वळतो.