मंडळीत चुली वेगळ्या नकोत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही विदुषी नाही. सातवीपर्यंत शिकले, पुढे चूल आणि मूल. तेव्हा आज बोलणार तेही चुलीविषयीच. आपल्या मंडळात शेजारच्या हिंदू-मुसलमान भगिनीही येतात. त्यांना विषय आमच्या देवळातला वाटेल, पण तो घरातलाच आहे.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक सूचना चालली आहे. सकाळची उपासना वडीलधाऱ्यांची. त्यांनी पेटी-तबल्यावर आपली गीते म्हणावीत. संध्याकाळची तरुणांची, त्यांनी गिटार वाजवावी. म्हणजे कटकटच नको! ऐकायला बरे वाटते. दोन जावांचे पटेनासे झाले की कोणीतरी शहाणा असेच म्हणतो, चुली वेगळ्या करा. भांडण मिटते खरे. पण मग एकीचे पोर तापाने फणफणले तर दुसरीला ते दोन दिवसांनी कळते.

गाण्याचेच घ्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने आमच्या वृद्धांना जुनी आणि आपली वाटतात. पण टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यापूर्वी देवळातून इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीते पुष्कळ म्हणत. टिळकांनी अभंग-भजनांना उपासनेत मानाची जागा दिली, तेव्हा त्या काळच्या कित्येक आजोबांच्या कानांना ते नवेच लागले असेल. म्हणून जुने तेवढे पवित्र आणि नवा सगळा धांगडधिंगा, हा हिशेब मला पटत नाही. (धांगडधिंगा कधी कधी होतो, हेही खरे. पण त्यासाठी आवाज कमी करावा, पोरांना संध्याकाळवर ढकलू नये.)

आता दुसरी बाजू. 'उपासना संगीत' पुस्तकात शब्द सापडतात, पण चाल गळ्यात असते. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. उत्तम शुक्रवारच्या एका गीताची जुनी चाल आमच्या मंडळीत आता त्यांना आणि आणखी दोघींनाच येते. माझ्या मुलीने ती मोबाईलवर धरून घेतली आणि गिटारवर बसवू लागली. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्याला धावतेस कशाला? दम धर जरा." तीन संध्याकाळी हेच चालले होते. एरवी दोघींचे बोलणे "चहा झाला का" याच्या पुढे जात नसे. एकीची उपासना सकाळी आणि दुसरीची संध्याकाळी झाली असती, तर ही चाल तिच्या कानावर तरी कुठून पडती?

पौलाने तीमथ्याला दुसरे पत्र लिहिले, त्यात त्याच्या विश्वासाचा उगम सांगताना कोणा मोठ्या उपदेशकाचे नाव घेतले नाही. आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतली.

"तरुणांना जबाबदारी कळत नाही," असे आमचे पंच म्हणतात. पण त्यांना काम काय देतात? सतरंज्या उचलणे! गेल्या वर्षी कापणीच्या सणाला धान्य-भाजीच्या लिलावात मात्र एका कॉलेजच्या मुलाला पुकारा करायला उभे केले आणि वही जुन्या पंचांकडेच ठेवली. मुलगा भोपळ्याची बोली चढवतो आहे आणि आजोबा ओरडताहेत, "अरे थांब, आधी नाव सांग!" सगळी मंडळी हसत होती. तो भोपळा साडेतीनशे रुपयांना गेला. बाजारात चाळीसालाही कोणी विचारला नसता.

मुलांनाही एक सांगणे आहे. नव्या गीतांचे शब्द पडद्यावर येतात, ते मागच्या बाकांवरच्या आजींना दिसत नाहीत. त्या बिचाऱ्या मुकाट्याने बसतात आणि आपण समजतो त्यांना राग आला. ठळक अक्षरांत दहा कागद काढून वाटायला काय जाते?

पाळकसाहेबांना आणि पंचांना जे सांगायचे ते मी सांगितले आहे, निर्णय त्यांचा. आपल्या हाती आहे तेवढे आपण करू. पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी चार वाजता, ज्यांना जुन्या चाली येतात त्या आजीबाईंनी मंडळाच्या खोलीत बसावे आणि मुलींनी वही व मोबाईल घेऊन यावे. शेजारणींनो, तुमच्या जात्यावरच्या ओव्याही आम्हांला हव्या आहेत. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. पेटी मी घरची आणीन. तिची एक पट्टी अडकते, तेवढी चालवून घ्यावी.