आखाताची वाट आणि परतीची वाट



पिंपरी-चिंचवड हे बाहेरगावाहून आलेल्या माणसांनी घडविलेले नगर आहे. 1954 साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. आणि पुढील काळात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी यांच्या शिवारांतून कारखाने उभे राहिले. खानदेश, मराठवाडा, विदर्भ व कोकण येथून आलेला तरुण प्रथम एका खोलीत चौघांसह राहिला. पुढे त्याने शिधापत्रिका काढली, मतदारयादीत नाव घातले, गुंठा-दोन गुंठे जागा घेऊन घर बांधले. 1982 साली येथे महानगरपालिका झाली, तेव्हा तो तिचा नागरिक होता. पुढे उद्योगांची ही रांग खेड तालुक्यात चाकणपर्यंत पोहोचली.

त्याच घरांतील पुढची पिढी आज दुबई, अबू धाबी, शारजा, दोहा आणि मस्कत या शहरांकडे पाहत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला जोडारी, वेल्डर, सीएनसी यंत्रावरील कारागीर, गोदामाचा हिशेब ठेवणारा कारकून, परिचारिका, अभियंता या सर्वांना तेथे मागणी आहे. बाप गावाहून पिंपरीस आला, मुलगा पिंपरीहून दुबईस निघाला. वरवर पाहता ही एकाच वाटेवरील पुढची पायरी भासते. परंतु या दोन स्थलांतरांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो ध्यानी न घेतल्यामुळेच अनेक कुटुंबांचे हिशेब पुढे चुकतात.

मुदतीचे वास्तव्य

आखात महाराष्ट्राला अपरिचित नाही. 1966 पर्यंत तेथील अनेक अमिरातींत भारतीय रुपयाच व्यवहारात होता. त्याकरिता रिझर्व्ह बँकेने 1959 साली खास नोटा काढल्या होत्या. 1973 साली खनिज तेलाच्या किमती वाढल्या, आणि तेथे रस्ते, बंदरे व इमारती उभारण्यासाठी भारतातून माणसे मोठ्या संख्येने जाऊ लागली. आज एकट्या संयुक्त अरब अमिरातीत 35 लाखांहून अधिक भारतीय राहतात.

तथापि तेथील वास्तव्य सामान्यतः नोकरीशी बांधलेले असते. नोकरी संपली की ठराविक सवलतीच्या मुदतीत दुसरी नोकरी मिळवावी लागते, अन्यथा देश सोडावा लागतो. काही निवडक व्यक्तींना 2019 पासून दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळू लागला असला, तरी सामान्य कामगारास वीस वर्षांच्या सेवेनेही नागरिकत्वाचा हक्क प्राप्त होत नाही. 1990 साली इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा सुमारे 1,70,000 भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. 2020 सालच्या महामारीत मे महिन्यापासून पुन्हा तीच वेळ आली. पिंपरीला आलेला माणूस येथे स्थिरावू शकला. दुबईस गेलेल्या माणसास एक दिवस परतावयाचेच असते. यास्तव जाण्याचा निर्णय करतानाच परतीचा विचार झाला पाहिजे. इतर सर्व विचारणीय गोष्टी या एका गोष्टीतून निघतात.

वेतनाचा आकडा आणि त्याची घडण

पहिला प्रश्न वेतनाचा. दिरहॅममधील वेतनाला रुपयाच्या दराने गुणून येणारा आकडा मोहक असतो. पण तुलना करावयाची ती हाती येणाऱ्या रकमेशी नव्हे, तर महिनाअखेर शिल्लक राहणाऱ्या रकमेशी. चाकणच्या कारखान्यातील कायम कामगारास वेतनाखेरीज भविष्य निर्वाह निधीत मालकाचा हिस्सा मिळतो; पुष्कळ ठिकाणी बस व उपाहारगृहाची सोय असते; आणि रात्री तो स्वतःच्या घरी असतो. तिकडे निवास, भोजन व प्रवास मालक देतो की नाही, यावर सारे अवलंबून असते. दुबईत घरभाडे बहुधा वर्षाचे ठरते आणि ते पुढील तारखांच्या धनादेशांनी आगाऊ द्यावे लागते. अनामत व दलाली वेगळी. पहिल्या दोन-तीन महिन्यांचा हा भार सोसण्याइतकी रक्कम हाती नसल्यास नोकरीचा आरंभच कर्जाने होतो.

दुसरी गोष्ट मूळ वेतनाची. अमिरातीच्या 2021 सालच्या कामगार कायद्यानुसार खासगी नोकरीत एक वर्ष पूर्ण केल्यावर सेवासमाप्तीचे उपदान मिळते: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचे, आणि त्यापुढे दरवर्षी 30 दिवसांचे मूळ वेतन. भत्ते यात धरले जात नाहीत. समजा, दोघांचेही एकूण वेतन 4,000 दिरहॅम आहे; परंतु एकाचे मूळ वेतन 3,000 आणि दुसऱ्याचे 2,000 आहे. चार वर्षांनंतर पहिल्यास 8,400 दिरहॅम मिळतील, दुसऱ्यास 5,600. जो माणूस परतणार हे ठरलेलेच आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. करारनाम्यात मूळ वेतन किती, हे म्हणूनच प्रथम पाहावे.

करारनामा आणि मध्यस्थ

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या एजंटास 1983 च्या उत्प्रवास अधिनियमाखाली नोंदणी करावी लागते. ही नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर कोणासही पडताळता येते. नोंदणीकृत एजंटास 30,000 रुपये व त्यावरील कर एवढेच सेवाशुल्क घेता येते. लाख-दीड लाख मागणारा, पावती न देणारा, किंवा “आधी पर्यटक म्हणून चला, नोकरीचे कागद तिकडे होतील” असे सांगणारा मनुष्य कितीही ओळखीचा असला, तरी त्याच्यापासून दूर राहावे. भेटीच्या व्हिसावर काम करणे तेथे गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा एजंटास नव्हे, कामगारास भोगावी लागते.

दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीस आखातात नोकरीसाठी जाताना उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमाही घ्यावा लागतो. दोन वर्षांसाठी 275 किंवा तीन वर्षांसाठी 375 रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यू व कायम अपंगत्व यांसाठी दहा लाख रुपयांचे संरक्षण त्यात आहे. दहावी उत्तीर्ण कारागिरास मात्र ही मंजुरी लागत नाही. पिंपरी-चाकण पट्ट्यातून जाणारे पुष्कळ तरुण या दुसऱ्या वर्गात मोडतात. त्यांचे कागद सरकारी कार्यालयात तपासले जात नाहीत. यास्तव ते तपासण्याची जबाबदारी त्यांच्या स्वतःवर व कुटुंबावर अधिक आहे. करारनाम्यात कामाचे नाव, मूळ वेतन, भत्ते, कामाचे तास, रजा, निवास व परतीचे तिकीट या सात गोष्टी स्पष्ट असाव्यात, आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी.

येथील हिशेब मिटविताना

राजीनामा देण्यापूर्वी नोकरीची वर्षे मोजावीत. कायम कामगारास सामान्यतः सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर उपदान मिळते. थोडक्या महिन्यांसाठी ते गमावणे शहाणपणाचे नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांची सेवा झाल्यास निवृत्तिवेतनाचा हक्क निर्माण होतो. सात-आठ वर्षे झालेल्या कामगाराने ती रक्कम काढून घेतल्यास पुढे पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू होते. योजनेचे प्रमाणपत्र घेतल्यास जुनी वर्षे जमेस राहतात आणि परतल्यावर नव्या नोकरीस जोडता येतात.

परदेशी नोकरीस निघालेल्या व्यक्तीचे बँकेतील साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. पुष्कळांना हे ठाऊक नसते. त्याहून महत्त्वाची बाब शेतजमिनीची. अनिवासी भारतीयास वारसाहक्काने आलेली शेतजमीन ठेवता येते. परंतु नवी शेतजमीन वा शेतघर खरेदी करता येत नाही. चाकण परिसरातील जमिनींचे भाव पाहून दुबईच्या पैशातून स्वतःच्या नावे शेत घेण्याचा बेत आखणाऱ्याने हा नियम आधी समजून घ्यावा. एखाद्या नातलगाच्या नावे व्यवहार करून ठेवणे ही तर पुढील भाऊबंदकीची बीजपेरणी ठरते. मुखत्यारपत्र द्यावयाचेच झाले, तर ते विशिष्ट कामापुरते व विशिष्ट मुदतीचे द्यावे; सर्वाधिकार एका सहीने सोपवू नयेत.

कुटुंब व मुले

अमिरातीत कुटुंबास नेण्यासाठी वेतन किमान 4,000 दिरहॅम, अथवा निवासासह 3,000 दिरहॅम असावे लागते. परंतु नेता येणे आणि पोसता येणे यांत अंतर आहे. तेथे केंद्रीय अभ्यासक्रमाच्या भारतीय शाळा आहेत, मात्र त्यांचे शुल्क पालकास भरावे लागते. मुले परत आली की त्यांना आणखी एका अडचणीस तोंड द्यावे लागते. महाराष्ट्रात 2020 च्या अधिनियमाने सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे झाले आहे. सातवी-आठवीत परतलेल्या मुलास मराठी लिहिता-वाचता येत नसेल, तर दोष मुलाचा नाही. घरातील रोजच्या अर्ध्या तासाच्या वाचनाने ही अडचण टळते.

पती एकटा जात असेल, तर पत्नीच्या नावे स्वतंत्र खाते असावे. करारनामा, पारपत्र व विम्याच्या प्रती तिच्यापाशी असाव्यात. आणि घरावर काढलेले प्रत्येक कर्ज तिला ठाऊक असावे. वृद्ध आईवडिलांच्या आजारपणात निर्णय कोणी घ्यावयाचा, हेही निघण्यापूर्वी भावंडांत बोलून ठरवावे.

तेथील नियम

अमिरातीच्या कायद्याने मालकास कामगाराचे पारपत्र स्वतःपाशी अडकवून ठेवता येत नाही, आणि भरतीचा खर्चही कामगाराकडून वसूल करता येत नाही. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात उघड्यावरील काम दुपारी साडेबारा ते तीन बंद ठेवावे लागते. तक्रार असल्यास भारतीय वकिलातीचा, तसेच दुबईतील प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा आधार आहे. हक्क जसे आहेत, तसे निर्बंधही कडक आहेत. येथे वैद्याच्या चिठ्ठीने सहज मिळणारी काही वेदनाशामक व खोकल्याची औषधे तेथे परवानगीविना नेता येत नाहीत. खसखशीवर तेथे बंदी आहे. आईने प्रेमाने बांधून दिलेले अनारसे वा खसखस घातलेला मसाला मुलास विमानतळावर अडचणीत आणू शकतो.

निवासाची जागाही डोळसपणे पाहावी. 12 जून 2024 रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीस आग लागून अनेक भारतीय मृत्युमुखी पडले. गर्दीच्या इमारतीत बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा आहे की नाही, हा प्रश्न खोलीच्या भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

गावाचे कर्तव्य

या कामी शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांचा वाटा मोठा आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरे आणि पारपत्रावर तिसरे, अशी स्थिती पुष्कळदा आढळते. परदेशी कार्यालयात एका अक्षराच्या फरकानेही अर्ज अडतो. शिक्षकांनी दाखला देताना नाव जन्मदाखल्याशी ताडून पाहिले, तर पुढील धावपळ वाचते. कुटुंबाच्या व्हिसासाठी विवाहाचे नोंदणी प्रमाणपत्र लागते. ग्रामपंचायतींनी प्रत्येक विवाहाची नोंद वेळेवर करून घ्यावी. अमिरातीसाठी मूळ प्रमाणपत्रांवर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय व त्या देशाची वकिलात यांचे साक्षांकन लागते. हा क्रम सूचनाफलकावर लिहून ठेवणे कठीण नाही. गावात नवा भरती एजंट आला, तर त्याचा नोंदणी क्रमांक ग्रामसभेत विचारणे हेही पंचायतीच्या सदस्याचे कर्तव्य आहे.

आखातात जाणे हे गैर नाही, कमीपणाचे तर मुळीच नाही. तेथून आलेल्या पैशातून या राज्यात कित्येक घरे उभी राहिली, मुली शिकल्या, कर्जे फिटली. ज्यांनी जाण्यापूर्वी कागदावर तीन ओळी लिहिल्या, त्यांचे बेत सामान्यतः तडीस गेले: किती वर्षांसाठी जावयाचे, किती रक्कम जमवावयाची, आणि परतल्यावर कोणते काम करावयाचे. तरुणांनी या तीन ओळी लिहाव्यात, घरातील वडीलधाऱ्यांनी व पत्नीने त्या वाचाव्यात, आणि मगच विमानाचे तिकीट काढावे.