खरे माप आणि बदलीचा शास्त्रज्ञ



विषय डॉक्टरेटनंतरच्या संशोधनाचा, आणि बोलायला उभे राहिलो आम्ही, सातवीत शाळा सोडलेले! पण मापाशी आमचा संबंध जुना आहे. वजनावर मजुरी देणाऱ्या एका कारखान्यात काटाच खोटा निघाला, तेव्हा आम्हांस कळले की खरा काटा हाच कामगाराचा पहिला कायदा होय.

काट्यामागे वजन, वजनामागे प्रमाण, आणि प्रमाणामागे मापनविज्ञान उभे असते. २० मे २०१९ पर्यंत जगाचा किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा एक ठोकळा होता. त्या दिवसापासून तो निसर्गातील एका स्थिरांकावर, प्लांकच्या स्थिरांकावर, बांधला गेला. असली कामे राष्ट्रीय प्रयोगशाळा करतात. आपली दिल्लीत आहे. अमेरिकेची १९०१ साली निघाली. त्या अमेरिकन संस्थेने नव्या डॉक्टरांसाठी कित्येक दशके जागा ठेवल्या. मुदत दोन वर्षांची, अट अमेरिकन नागरिकत्वाची, आणि कामाचा प्रस्ताव उमेदवाराने स्वतः मांडायचा.

तात्पुरत्या माणसाच्या हातून काय घडू शकते, ते पाहा. १९८२ साली, मुंबईत आमचे वडील गिरणीच्या संपात होते त्या दिवसांत, याच संस्थेत इस्रायलहून पाहुणे म्हणून आलेले डॅन शेक्टमन झटकन थंड केलेला अॅल्युमिनियम-मँगनीजचा मिश्रधातू तपासत होते. ८ एप्रिलला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठिपक्यांचे वर्तुळ दिसले. मोजले, तर ठिपके दहा! स्फटिकात अशी रचना असूच शकत नाही, असे पुस्तके सांगत होती. त्यांना संशोधकगट सोडायला सांगण्यात आले. लेख छापून यायला १९८४ साल उजाडले. पुढे स्फटिकाची व्याख्याच बदलली, आणि २०११ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आम्ही यातून एक गोष्ट हेरली. शेक्टमन यांची हैफा येथे जागा होती. गट सुटला तरी चूल विझणार नव्हती. दोन वर्षांच्या मुदतीवरच्या तरुणाचे काय? गिरणीच्या फाटकावर सकाळी उभा राहणारा बदली कामगार आम्ही पाहिला आहे. मुकादमाची मर्जी सांभाळणारा माणूस मुकादमाचा काटा खोटा आहे, हे कसे सांगणार?

म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अशा संशोधकांनी संघटना बांधली आणि २०१० साली पहिला करार मिळवला, याचे आम्हांस नवल वाटले नाही.

आईबापांनो, पोरे या वाटेने जात असतील तर जरूर जाऊ द्या. नव्या धातूंचे, नव्या द्रव्यांचे दार तिथेच उघडते. मात्र जाताना त्यांना विचारायला शिकवा: मुदत किती, वेतन किती, कामावर नाव कोणाचे? दहा दिसले तर दहाच सांगण्याची मोकळीक ज्याला आहे, त्याच्याच हातून खरे माप निघते.