स्पायडरमॅनचा दुसरा भाग आणि आपला अभिमन्यू



आज मी तुमच्याशी एका सिनेमाविषयी बोलणार आहे. सिनेमा परदेशी आहे, हलत्या चित्रांचा आहे, आणि त्याचा नायक म्हणजे कोळ्यासारखा भिंतीवर चढणारा एक पंधरा वर्षांचा पोरगा. हे ऐकून वैभववाडीच्या बाजारातले एखादे आजोबा म्हणतील, "पोरांचो खेळ तो, तेचा आमका काय?" आणि एखादे गुरुजी म्हणतील, "आधीच मुलं मोबाईल खाली ठेवीत नाहीत. त्यात तुम्ही रेडिओवरून ही भर घाला!" दोघांचंही म्हणणं मला मान्य आहे. पण या पोराची गोष्ट शेवटी जिथं जाऊन पोचते, ती जागा आपल्या ओळखीची आहे. म्हणून थोडा वेळ ऐका.

स्पायडरमॅन हा आता आपल्या गावचा पाहुणा राहिलेला नाही. गणपतीला चाकरमानी वैभववाडी रोड स्टेशनवर उतरतो, तेव्हा त्याच्या पोराच्या दप्तरावर किंवा बनियनवर हाच लाल-निळा मुखवटा असतो. 1962 साली अमेरिकेत स्टॅन ली या लेखकाने आणि स्टीव्ह डिट्को या चित्रकाराने तो निर्माण केला. एका गरीब घरातल्या शाळकरी मुलाला कोळी चावतो आणि त्याच्या अंगी विलक्षण बळ येतं. पण त्या बळाच्या घमेंडीत तो एका चोराला सोडून देतो, आणि तोच चोर पुढं त्याच्या काकाचा जीव घेतो. त्या दिवसापासून त्याला कळतं की, अंगात ताकद असून बाजूला उभं राहणं हेही पापच. ही झाली मूळ कथा. गेली साठ वर्षं ती चित्रकथांत आणि सिनेमांत पुन्हापुन्हा सांगितली जाते आहे.

2018 साली याच कथेवर हलत्या चित्रांचा एक सिनेमा आला. त्यात स्पायडरमॅन नवा होता. माईल्स मोरालेस त्याचं नाव. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारा. बाप कृष्णवर्णीय पोलिस, आई पोर्तो रिको बेटाकडची, रुग्णालयात परिचारिका. त्या सिनेमाला ऑस्करचं पारितोषिक मिळालं. त्याचाच दुसरा भाग, ‘स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’, जून 2023 मध्ये पडद्यावर आला. जोआकिम दोस सांतोस, केम्प पॉवर्स आणि जस्टिन थॉम्पसन हे त्याचे तीन दिग्दर्शक. आपल्या देशात तो दहा भाषांत काढायचं जाहीर झालं, आणि त्या दहांत मराठीही होती. परक्या मुलखातला नायक मराठीत बोलतो हे काही थोडं नव्हे.

आता दुसऱ्या भागाची एक अडचण असते, ती आपल्याला जत्रेमुळे चांगली ठाऊक आहे. एखाद्या दशावतारी मंडळाचं आख्यान एके वर्षी रंगलं की पुढल्या वर्षी लोक तेच मागतात. मग नट काय करतो? तलवार जास्त जोरात फिरवतो, पखवाजवाला जास्त जोरात थाप मारतो, आणि गोष्ट मात्र जागच्या जागी राहते. सिनेमाच्या दुसऱ्या भागांचंही बहुतेक असंच होतं. राक्षस मोठा, धुरळा मोठा, कथा तेवढीच. हा सिनेमा त्या वाटेने गेला नाही, आणि म्हणून मी त्याचा चाहता आहे. पहिल्या भागात पोरगा विचारीत होता, "मी हे करू शकेन का?" दुसऱ्या भागात तो विचारतो, "हे असंच घडायला हवं, हे ठरवलं कुणी?" हा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे.

कथा थोडक्यात सांगतो. या सिनेमात जगं अनेक आहेत. आपण अनंतकोटी ब्रह्मांडं म्हणतो ना, तसंच समजा. प्रत्येक जगात एक स्पायडरमॅन आहे, कुठं पुरुष, कुठं बाई, कुठं तर मांजरसुद्धा. प्रत्येक जगाची चित्रकला निराळी. ग्वेन नावाच्या मुलीचं जग जलरंगांनी रंगवलेलं आहे. तिचं मन उदास झालं की भिंतींवरचे रंग ओघळू लागतात. चित्रकलेच्या शिक्षकांनी हा भाग मुलांना जरूर दाखवावा. रंग म्हणजे नुसती सजावट नव्हे, तो भाव बोलतो, हे तासभर समजावून जे होत नाही ते तिथं पाच मिनिटांत होतं.

फिरत फिरत माईल्स एका शहरात येतो. त्याचं नाव मुंबॅटन. मुंबई आणि न्यूयॉर्कचं मॅनहॅटन यांची ती गाठ. घरांवर घरं, वाहनांची कोंडी, आणि त्या गर्दीवरून झोके घेणारा तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर. हे नाव सिनेमासाठी नव्याने काढलेलं नाही. 2004 साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी भारतीय स्पायडरमॅनची चित्रकथा काढली, तिचा हा नायक. आणि मंडळी, त्या चित्रकथेतला पवित्र कोण आहे ठाऊक आहे? खेड्यातला पोरका मुलगा. शिष्यवृत्ती मिळते, काका-काकूंबरोबर मुंबईला येतो, आणि धोतर नेसतो म्हणून शाळेतली शहरी मुलं त्याला हसतात. कोकणातल्या कुठल्या घराला ही गोष्ट सांगावी लागेल? ट्रंक आणि वळकटी घेऊन मुंबईला गेलेली, गिरणगावातल्या खोलीत दाटीवाटीने राहिलेली, बोलण्यावरून हसून घेतलेली पिढी आपल्या घराघरांत होऊन गेली. सिनेमातला पवित्र मात्र तसा बुजरा नाही. तो हसरा आहे, तरतरीत आहे. पाहुणा ‘चाय टी’ म्हणाला तर "अरे, चाय म्हणजेच टी!" असं त्याला सुनावतो. मुंबईला जाऊन तीन पिढ्या झाल्यावर आपल्या पोरांच्या बोलण्यात जो धीटपणा आला आहे, तो मला त्याच्यात दिसला.

या मुंबॅटनचे रंग कुठून घेतले, तेही सांगण्यासारखं आहे. 1964 पासून टाइम्सच्या कचेरीतून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघत. मराठीतूनही निघत. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी शिक्षकांनी ती अभ्यासाच्या पुस्तकाखाली लपवून वाचली असतील. त्या छपाईची धाटणी मुंबॅटनसाठी डोळ्यांपुढं ठेवली, असं सिनेमा करणाऱ्यांनी सांगितलं आहे. त्या अंकांचा मुख्य नायक ‘फँटम’. मुखवटा घालून जंगल राखणारा वीर. हिंदीत त्याचं नाव ‘वेताल’ ठेवलं होतं. आता आपल्या वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा आहे. रात्री तो गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून भक्त त्याला मोठाल्या चपला वाहतात. मी देवाची आणि सिनेमातल्या नायकाची बरोबरी करीत नाही. एवढंच म्हणतो की, सगळे झोपल्यावर कुणीतरी जागा राहून आपली राखण करतो, ही कल्पना आपल्याला अमेरिकेकडून शिकावी लागलेली नाही.

पण खरी गोष्ट पुढं आहे. मुंबॅटनमध्ये एक मोठा पूल कोसळू लागतो. त्यात इन्स्पेक्टर सिंग नावाचा पोलिस अधिकारी सापडतो. पवित्रचं ज्या मुलीवर प्रेम आहे, त्या गायत्रीचा तो बाप. माईल्स उडी घेतो आणि त्याला वाचवतो. सगळ्यांनी शाबासकी द्यावी असं काम! पण उलटंच होतं. सगळ्या स्पायडरमॅनांचा एक पुढारी आहे, मिगेल ओहारा. तो म्हणतो, "तू घात केलास. प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही प्रसंग ठरलेले असतात. जवळचा एक पोलिस कप्तान एका लहान मुलाला वाचवताना मरतो, हा त्यांतलाच एक. तो घडलाच पाहिजे. घडला नाही तर ते जगच मोडेल." आणि मग पोराला कळतं की, त्याचा स्वतःचा बाप दोन दिवसांनी कप्तान होणार आहे. म्हणजे तोही मरणार. आणि शहाणीसुरती, बलवान अशी शेकडो माणसं त्याला सांगताहेत की, बाबा रे, तू जाऊ नकोस. गोष्ट ठरलेली आहे.

श्रोते हो, इथं मला आपला अभिमन्यू आठवला.

अभिमन्यूचं आख्यान ज्यांनी रात्र जागून पाहिलं आहे, त्यांना शेवट आधीच ठाऊक असतो. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, आणि प्रत्येक नट रंगमंचावर आपल्या बुद्धीने बोलतो. पण शेवट कुणी बदलीत नाही. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरणार, त्याला बाहेर पडता येणार नाही, तो मरणार. तरी पहाटेच्या थंडीत घोंगडी पांघरून बसलेली एखादी आजी म्हणतेच, "मरतलो ह्यां म्हायत आसा, तरी डोळ्यांत पाणी येताच." मग काय, आपणही मिगेलसारखेच? गोष्ट ठरलेली म्हणून गप्प बसणारे?

नाही. नीट आठवून पाहा. तेराव्या दिवशी अर्जुनाला लढत लढत दूर नेलेलं असतं. अभिमन्यू व्यूह फोडून आत शिरतो. त्याच्यामागोमाग भीम, युधिष्ठिर, नकुल, सहदेव धावतात. जयद्रथ त्यांना अडवतो. त्या एका दिवसापुरतं त्याला शंकराचं वरदान असतं. चौघे पांडव त्या दारावर डोकं आपटतात, पण आत जाता येत नाही. शेवट ठरलेला आहे, हे व्यासांना ठाऊक, आपल्याला ठाऊक. पण त्या कथेतला एकही पांडव असं म्हणत नाही की, पोराचं मरण लिहिलेलं आहे, तेव्हा आपण इथंच थांबू. मरण टळलं नाही, पण धावणं कुणी सोडलं नाही. ज्या दिवशी भीम म्हणेल, "होणारं चुकत नाही," आणि गदा खाली ठेवील, त्या दिवशी ते आख्यान पाहायला जत्रेत एक माणूस बसणार नाही.

माईल्स हेच म्हणतो. सगळे अडवीत असता तो पळ काढतो, बापाला वाचवायला. आणि सिनेमाने त्याच्या बाजूने एक फार सुंदर पुरावा ठेवला आहे. ग्वेनचा बापही कप्तानच असतो. म्हणजे नियमाप्रमाणे त्याचंही मरण लिहिलेलं. तो काय करतो? लढाई नाही, चमत्कार नाही. मुलीसाठी तो नोकरीचा राजीनामा देतो. कप्तानच उरला नाही, तर मरायचं कुणी? कपाळावर लिहिलेलं म्हणून जे सांगितलं जात होतं, ते एका बापाने पदावरून उतरून खोटं पाडलं. साऱ्या धावपळीच्या सिनेमात मला सगळ्यांत मोठा पराक्रम वाटला तो हाच.

आता दोषही सांगायला हवेत. चाहता झालो म्हणून डोळे मिटायचे नाहीत. पहिला दोष, वेग. दोन तास वीस मिनिटांत चित्रं इतक्या झपाट्याने पळतात की वडीलधाऱ्यांचं डोकं दुखावं. दुसरा, मुंबॅटन येतं आणि हां हां म्हणता जातं. पवित्रची जरा ओळख होते न होते तोच आपण पुढल्या जगात. आणि तिसरा दोष मोठा. गोष्ट मध्येच तुटते. पोरगा चुकून भलत्याच जगात जाऊन पडतो. तिथं त्याचा बाप आधीच वारलेला आहे, आणि तो स्वतःसारख्याच दुसऱ्या मुलासमोर बांधलेला उभा आहे. तिथंच पडदा! कीर्तनकाराने ऐन रंगात टाळ खाली ठेवून "उरलेलं पुढच्या एकादशीला" म्हणावं तसं झालं. तिसरा भाग मार्च 2024 मध्ये येणार होता; तो लांबला, आणि आता 2027 साल जाहीर झालं आहे. सहावीत हा सिनेमा पाहिलेलं पोर तिसरा भाग पाहील तेव्हा दहावीत पोचलेलं असेल.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक सांगणं आहे. ‘ठरलेलं’ हा शब्द आपल्या भागात फार सहज तोंडी येतो. पोर दहावी झालं की मुंबईची गाडी, हे ठरलेलं. मुलीची शाळा कुठवर, हेही पुष्कळदा ठरलेलं. बाप दारू पितो, मग पोरगाही तसाच निघणार, हे तर शेजाऱ्यांनी आधीच ठरवलेलं. आणि कधीकधी आपण शिक्षकही मागच्या बाकावरच्या मुलाकडं बघून मनात त्याचा शेवट लिहून टाकतो. मिगेल दुष्ट नाही, बरं का. तो अनुभवी आहे, दुखावलेला आहे, त्याने एक जग मोडताना पाहिलं आहे. तो सगळ्यांच्या भल्यासाठीच बोलतो. ‘ठरलेलं’ सांगणारे बहुतेक असेच असतात, आपल्याच भल्याचे. म्हणून त्यांना नाही म्हणणं अवघड जातं.

तेव्हा एखाद्या शनिवारी वर्गात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. आधी अभिमन्यू सांगा, मग माईल्स. आणि मुलांना विचारा, शेवट ठाऊक असूनही भीम का धावला? उत्तर तुम्ही देऊ नका. मुलांना बोलू द्या, त्यांच्या बोलीत बोलू द्या, शंखासुर बोलतो तसं मोकळं बोलू द्या. मागच्या बाकावरचं पोर काय म्हणतं, तिकडं मात्र कान ठेवा. तिसरा भाग यायचा तेव्हा येईल. त्या पोराचा पुढला भाग मात्र तुमच्या वर्गात आजच चालू आहे, आणि त्याचा शेवट अजून कुणी लिहिलेला नाही.